डाव्या हाताची कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर नव्हेच. पनवेलच्या बाजारात दोरीला टांगून विकतात ना, तसली साधी, पत्र्याची, बोथट टोकांची. स्वस्तातली म्हणून नाकं मुरडू नका. माझ्याइतकं काम ह्या घरात कुणी केलेलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

१९९१ची दिवाळी झाली आणि सुनिताने मला घरी आणलं, तिच्या पाच वर्षांच्या माधुरीसाठी. बालवाडीच्या कुमुदबाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, "हिला पेन्सिल धरता येत नाही, रेषेवर कापता येत नाही. मे महिन्यापर्यंत जमलं तर पहिलीत, नाहीतर अजून एक वर्ष इथेच." सुनिताच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. शेजारचा नीलेश पहिलीत जाणार आणि आपली पोर मागे राहणार!

पण बाई खमकी. रडत बसली नाही. रिकाम्या काड्यापेट्या, चिंचोके, जुन्या लग्नपत्रिका असलं काय काय तिने बिस्किटाच्या डब्यात जमवलं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. नवरा सुभाष कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला होता, त्याने तिथलं जुनं कॅलेंडर आणून दिलं. त्यातले मोठाले आकडे कापायचे, काड्यापेटीवर चिकटवायचे आणि पेटीत तितके चिंचोके भरायचे. कापायचं काम अर्थातच माझं.

आणि इथेच घोडं पेंड खायचं. माधुरी मला हटकून डाव्या हातात धरायची. की आजी भीमाबाई ओरडलीच, "डावा नाय गो, उजवा! डाव्या हातानं काय करतान ते ठाव नाय काय?" आजीने तिच्या उजव्या मनगटात हिरवी बांगडी चढवली होती. बांगडीचा हात तो कामाचा. पण त्या हातात मी नुसती लटलटायचे. आजीची पाठ वळली की पोर मला पुन्हा डाव्यात घ्यायची, आणि कागद माझ्या दोन पात्यांच्या मधे दुमडून बसायचा. सातचा आकडा फाटला, आठचा चुरगळला.

मला मेलीला राग यायचा. मी इतकी धारदार आणि हिला साधा कागद कापवेना! नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनातल्या मनात म्हणायचे.

एक दिवस माधुरीने आकडे फेकून दिले आणि विचारलं, "आई, मी मठ्ठ हाय का गो?"

सुनिताने तिला कुशीत ओढलं. मनातून तिलाही तीच भीती होती.

शेवटी तिला वाटलं, माझी धारच गेली असेल. सायकलवर दगडी चाक फिरवत धार लावणारे इब्राहिमचाचा दारावरून चालले होते. त्यांनी मला घासून दिलं. सुनिता म्हणाली, "माधुरी, बघ गं कापून." पोरीने नेहमीसारखं डाव्या हातात धरलं, कागद नेहमीसारखा दुमडला. सुनिता तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "या अल्ला! ताई, कसूर पोरीचा नाही, कैंचीचा आहे. ही उजव्या हाताची. डाव्यात धरली की पाती फाकतात. उरणच्या एका डावखुऱ्या टेलरची कैंची मीच उलटी करून दिली होती. आणा इकडे."

त्यांनी माझी खिळी ठोकून काढली, वरचं पातं खाली, खालचं वर केलं आणि धार दुसऱ्या अंगाने लावली. ठिणग्या उडाल्या. दुखलं का? दुखणारच हो! पण त्याहून जास्त लाज वाटली. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते अंगण मीच होते.

माधुरीने आठचा आकडा घेतला. करकर, करकर, वळणावरून वळले की मी! आख्खा आठ सुटून तिच्या मांडीवर पडला. ती इतकी हसली, की भीमाबाई बाहेर आली. बघत राहिली आणि म्हणाली, "बरं बाय, काप. पन जेवताना उजवाच!"

मे महिन्यात माधुरी मला घेऊनच कुमुदबाईंकडे गेली. बाईंनी कागदावर वर्तुळ काढून दिलं. आम्ही ते रेषेवरून कापलं, जराही बाहेर न जाता. मग तिने डाव्या हाताने पेन्सिल धरून नाव लिहिलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "अहो सुनिताबाई, माझंच चुकलं. जूनमध्ये पहिलीत घाला हिला."

आज माधुरी सातवीत आहे. घरात दुसऱ्या कुणाच्याही हाती मी चालत नाही. सुभाष मला दोनदा भंगारात काढायला निघाला होता. निघू दे! मला त्याची फिकीर नाही.

परवा तिच्या धाकट्या भावाने, कल्पेशने, मला उजव्या हातात घेतलं. कागद दुमडला. त्याने पुन्हा कापून पाहिलं, पुन्हा दुमडला. तो रडायला लागला. तुमच्याही घरी एखादं लेकरू असं अडलं असेल, तर त्याला बोल लावण्याआधी आमच्यासारख्यांना जरा उलटंपालटं करून बघा.

माधुरीने अभ्यास सोडून मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याचे डोळे पुसले.

"रडू नको रे," ती म्हणाली. "तुला येतंय. ही कात्री माझी आहे. चल, तुझी आणू."