गुरुजींची भिंत

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात, आमच्या नदीकाठच्या वस्तीत बत्तीस घरं. त्यांतल्या एकतीस घरांनी आपल्या हातांनी आपली पुढची खोली पाडली होती. पालिकेची अटच तशी होती: काठापासून तीन मीटर रस्ता सोडा, घरांची तोंडं पाण्याकडे करा, काठ स्वच्छ ठेवा, तर वस्ती राहील. एक घर जरी आडवं आलं, तर सगळ्यांनी उठायचं. दर रविवारी सगळे घण-फावडी घेऊन उतरायचे, बायका भात आणि तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, पुरवायच्या. वारसिनी वस्तीची प्रमुख, म्हणून पहिला घण तिने स्वतःच्याच भिंतीवर घातला. आता ती, नवरा आणि सासू एका खोलीत झोपत होती.

राहिलं होतं फक्त दर्माजी गुरुजींचं घर. अर्ध्या वस्तीला अक्षरं गिरवायला त्यांनीच शिकवलेली. त्यांना ‘भिंत पाडा’ कोण म्हणणार? तीनदा मंडळी गेली, कॉफी प्यायली, पावसापाण्याचं बोलली आणि उठून आली. वडीलधाऱ्यांनी आपणहून ओळखायचं, अशी आमची रीत. गुरुजींना वाटलं, आपल्याला या पाडापाडीतून वगळलंय. भीड भिकेची बहीण, ती ही अशी.

तपासणीच्या सकाळी वारसिनी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

“गुरुजी, तुमची पुढची भिंत... पाडावी लागेल. आजच.”

“मग सहा आठवडे नुसती कॉफी ढोसायला येत होतात होय?” गुरुजी हसले, पण तिचा चेहरा पाहून थांबले. “आण तो घण, वेडे.”

भिंत अर्धी पडली होती, तेवढ्यात पालिकेचा तपासणीचा साहेब आला. तरुण होता, घामाघूम झालेला. माणूस वाईट नव्हता.

“हे काय, बाई? आज शेवटचा दिवस ना?”

“चूक माझी, साहेब,” वारसिनी म्हणाली. “यांना सांगायचंच राहून गेलं.”

त्याने आवाज खाली आणला. “राहून गेलं असेल तर आठ दिवस वाढवून देतो. नकार असता, तर मात्र माझे हात बांधलेले असते, वस्ती उठवावीच लागली असती.”

वारसिनीच्या जिवात जीव आला. साहेब लिहू लागला.

गुरुजी आत बायकोचा फोटो उतरवत होते. त्यांच्या कानावर फक्त ‘चूक माझी’ एवढंच पडलं होतं. ते लगबगीने बाहेर आले.

“तिला बोल लावू नका. तिने तीनदा सांगितलं. मीच नाही म्हणालो.”

साहेबाची पेन्सिल थांबली.

“नाही हो!” वारसिनी किंचाळली. “खोटं बोलतायत ते!”

गुरुजींना कुणी असं बोललेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. गुरुजी मात्र समजुतीने हसले. पोरगी आपल्यालाच सावरते आहे, असं त्यांना वाटलं.

“खरं काय ते एकाने तरी सांगा,” साहेब अक्षरशः विनवू लागला. “मी तेच लिहितो.”

“बोला ना रे!” वारसिनीला रडू फुटलं. “कुस्वोयो, तू सांग. तू होतास ना माझ्याबरोबर?”

सायकलरिक्षावाला कुस्वोयो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. एकतीस घरांतली माणसं उभी होती, पण गुरुजींना तोंडावर खोटं पाडायला एकाचीही जीभ रेटली नाही.

साहेबाने नकाराची नोंद केली आणि कागद पुढे केला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि सुरेख, वळणदार सही केली.

“रडू नकोस,” ते वारसिनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. “आता तुला कुणी काही म्हणणार नाही.”