कार्मेनमातेच्या टेबलाखालची पट्टी

मित्रांनो, स्वस्थ पडून राहणं मला कधीच जमलं नाही. मी एक जुना बोरिंग बार आहे, धातूतलं भोक आतून कोरणारं हत्यार. एका मोडक्या बसच्या ॲक्सलमधून सेगुंदो मिस्त्रीनं मला घडवलं, टोकाला कठीण पोलादाचं पातं बसवलं आणि आपल्या लहानशा लेथवर कामाला लावलं. ड्रिल घाईचं, धातूत शिरताना कुठेतरी वाकडं जातं. मागून मी जातो आणि भोक सरळ करतो. पण जोर पडला की मीही किंचित लवतो. म्हणून शेवटी मिस्त्री माप न वाढवता मला त्याच वाटेनं आणखी दोनदा फिरवतो, ओठांत ‘नमो मारिया’ म्हणत.

आमच्या कॉफीच्या डोंगरात कार्मेनमाता ही गाडीवाल्यांची आणि कारागिरांची आई. तिच्या सणाला पाद्रीबाबा हत्यारांवरसुद्धा पवित्र पाणी शिंपडतात. यंदा भिंत रंगवायला मिस्त्रीनं लेथ बाजूला सरकवला, मग जागेवर आणून बोल्ट आवळले. त्याची बायको क्लेमेन्सिया नऊ दिवसांचं व्रत धरून होती. तिनं झाडलोट करून कोपऱ्यात मातेचं टेबल मांडलं.

सणाच्या आदल्या सकाळी एल्वियाबाई धापा टाकत आली.

“मिस्त्री, पल्परचा बुश गेला! कॉफीची पंधरा पोती फळं अंगणात पडलीत. आज संध्याकाळच्या आत सालं निघाली नाहीत तर सगळी आंबतील. मग वर्षभर आम्ही काय खायचं?”

“बस गं. दुपारच्या आत देतो.”

बुश म्हणजे पल्परचा दांडा ज्यात फिरतो ती पितळी नळी. पहिला बुश झाला. दांडा एका बाजूनं शिरला आणि मध्येच अडकला. भोक तोंडाशी सैल, आत घट्ट! दुसराही तसाच.

“डोळे तपासून घ्या, मिस्त्री,” एल्विया म्हणाली.

“डोळे ठणठणीत आहेत! हा बारच मेला नरम पडलाय.”

आणि त्यानं मला भंगाराच्या डब्यात भिरकावलं. मित्रांनो, माझा जीव नुसता तळमळत होता. मी तोच होतो, पातंही तेच होतं, पण सांगणार कसं? त्यानं नवा बार लावला. तिसरा बुशही तसाच. आता पितळेचा एकच तुकडा उरला होता.

मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. “वीस वर्षांत हा लेथ असा वागला नाही. कधी हललासुद्धा नाही...”

“परवाच तर हलवलात,” क्लेमेन्सिया हळूच म्हणाली.

तो ताडकन उठला. लेथच्या बेडवर, त्या लांब लोखंडी पाठीवर, पाणसळ आडवी ठेवली. एका टोकाला बुडबुडा मधोमध, दुसऱ्या टोकाला मात्र कडेला पळाला. बेडला पीळ पडला होता.

“लेथच्या मागच्या पायाखाली पत्र्याची एक पट्टी होती. कुठे गेली?”

क्लेमेन्सियाचा चेहरा उतरला. “झाडताना सापडली. मला वाटलं, कचरा. मातेचं टेबल डुगडुगत होतं, म्हणून त्याच्या पायाखाली सरकवली. आता काढू कशी? व्रत आहे हो माझं.”

“अगं, माझी फळं सडली तर तीच माऊली रडेल!” एल्विया म्हणाली. “काढ!”

क्लेमेन्सियानं क्रुसाची खूण केली आणि पट्टी ओढली. टेबल कललं. मेणबत्ती पडू नये म्हणून ती हातानं टेबल धरून उभी राहिली, जपमाळ ओढत. पट्टी लेथच्या पायाखाली गेली, बोल्ट आवळले, बुडबुडा दोन्ही टोकांना मधोमध आला.

मिस्त्रीनं मला डब्यातून उचललं, सदऱ्याला पुसलं. “ये रे बाबा. चुकलो मी.”

मी शेवटच्या तुकड्यात शिरलो. मग माप न वाढवता आणखी दोनदा. दांडा तळहाताच्या दाबानं सरसर आरपार गेला. ऊन उतरायच्या आधी एल्वियाच्या अंगणातून पल्परची घरघर ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी माझ्यावरही पाणी शिंपडलं. ते गेल्या गेल्या क्लेमेन्सिया तेलाचा बोळा घेऊन आली. “पवित्र झालं तरी पाणीच ते,” ती पुटपुटली, “गंज चढेल.”

मित्रांनो, काम बिघडलं तर हत्यार फेकण्याआधी एकदा खाली वाकून पाहा. आणि ते पुसून ठेवा. क्लेमेन्सियाचं ते व्रत संपलं. मला पुसण्याचं मात्र रोज चालू आहे. मातेचं टेबल आता लाकडी पाचरीवर उभं आहे, जरासं कललेलं. माऊलीची अजून तक्रार नाही.