बारा घरचं पाणी

"अकरा," तो पुटपुटला आणि त्याच्या हातातला ग्रीसचा ब्रश थांबला.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर तो उकिडवा बसला होता. डोक्यावर पिवळा बल्ब, शेजारी तेलकट दोर आणि चारी बाजूंनी भिंती. पस्तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीच्या कामात गेली होती. लोक लिफ्टमध्ये बसायचे, हा लिफ्टवर बसायचा. उंचीची, अंधाराची, पायाखालच्या पोकळीची त्याला कधी भीती वाटली नव्हती. आज एका आकड्याची वाटली. बोटांची पेरं पकडून त्यानं लहानपणच्या गल्लीतली घरं पुन्हा पहिल्यापासून मोजली. गादीवाल्यांपासून सुरुवात केली आणि कोपऱ्यावरच्या मावशीपाशी थांबला. अकराच भरली.

गल्लीत घरं होती बारा. त्यात शंकेला जागाच नव्हती. बाहेरचं कुणी जास्त शहाणपणा करायला लागलं की गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा छाती काढून सांगायचं, "आम्हाला शिकवू नका, आम्ही बारा घरचं पाणी प्यायलोय!" म्हणजे जे एक घर कमी पडत होतं, ते गल्लीतून नाही, त्याच्या डोक्यातून गेलं होतं.

ही मोजदाद करायची वेळ कालच्या प्रकारामुळे आली होती. लिफ्टवाल्यांकडे एक तिकोनी किल्ली असते. लिफ्ट त्या मजल्यावर नसली तरी त्या किल्लीनं बाहेरचं दार उघडतं, आणि दारापलीकडे नुसता खड्डा असतो. म्हणून ती किल्ली खिशात गेल्याशिवाय मजला सोडायचा नाही, हा त्याच्या उस्तादानं घालून दिलेला पहिला धडा. काल तो ती किल्ली तिसऱ्या मजल्याच्या दारालाच लटकत ठेवून घरी गेला होता. आज सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईंनी ती आणून दिली.

"दादा, बरं झालं मला दिसली," त्या म्हणाल्या. "लहान मुलं खेळतात हो तिथं."

त्यानं किल्ली खिशात घातली होती आणि वरून दोनदा चाचपून पाहिली होती. 

त्याला अठ्ठावन्नावं लागलं होतं. वडिलांचंही याच वयात, किल्लीपासूनच सुरू झालं. ते शाळेत शिपाई होते. आधी ते कपाटाची किल्ली विसरले, मग तासाची घंटा द्यायला विसरले, मग एक दिवस मधल्या सुट्टीत सगळी शाळा घरी सोडून मोकळे झाले. त्या दिवशी गल्ली हसली होती, तेही हसले होते. पुढे मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. शेवटच्या वर्षी ते स्वतःच्याच घराचं दार पाहुण्यासारखं ठोठावायचे. आई आतून विचारायची, "कोण?" आणि ते बाहेर गप्प उभे राहायचे, उत्तर न आलेल्या मुलासारखे. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "नवं आधी जातं. जुनं सगळ्यांत शेवटी. एकदा जुनं जायला लागलं, की..." आणि पुढचं न बोलता त्यांनी पेनाचं टोपण लावलं होतं.

म्हणून आज त्यानं स्वतःची परीक्षा घ्यायला सगळ्यांत जुनी गोष्ट काढली होती. लग्नाची तारीख तो निरोगी असतानाही विसरायचा, तिचा उपयोग नव्हता. पण गल्ली म्हणजे तळहातावरची रेघ. ती विसरणं शक्यच नाही, अशी त्याची खात्री होती.

नळ गल्लीच्या तोंडाशी होता. पाणी पहाटे यायचं, पण कधी येईल त्याचा नेम नसायचा. आई आधीच हंडे घेऊन नळाशी जाऊन बसायची, बरोबर हा. नळानं घशात खाकरल्यासारखा आवाज केला, की आई म्हणायची, "पळ!" आणि सात वर्षांचा हा पळत सुटायचा. प्रत्येक दार वाजवायचं, आतून "कोण?" आलं, की "पाणी!" म्हणून पुढच्या दारी. त्यावरून त्याचं नावच 'पाण्या' पडलं. प्रत्येक दाराची थाप वेगळी होती. बँडवाल्या काकांच्या दाराला लाथच लागायची. लग्नात रात्रभर वाजवून आलेला माणूस बोटांनी कसा उठणार? सुईण आजीच्या दाराला नखानं टकटक, कारण ती कुणाचं तरी बाळंतपण उरकून नुकती पडलेली असायची. हसऱ्या काकूच्या दारी थापच नको, नुसतं खोकलं तरी ती आतून हसत यायची. जुळ्यांच्या घरात दोघं एकदम "कोण?" म्हणायचे आणि मग त्यावरून भांडायचे. पावलागणिक एक दार, दारागणिक एक माणूस, आणि कुणाच्याही घरात शिरून कुणाच्याही ताटात जेवावं असे ते दिवस. आठवलं, की आजही त्याच्या छातीत ऊब यायची.

आज ऊब आली नाही. सगळी दारं एकामागून एक उघडत होती, माणसं डोळे चोळत बाहेर येत होती, आणि त्यांच्यात कुठेतरी एक दार नव्हतंच. त्या दारामागे एक अख्खं कुटुंब असणार. त्यांनी याला खाऊ दिला असेल, पडल्यावर उचललं असेल, मांडीवर घेऊन निजवलंही असेल. आणि त्यांचा चेहरा नाही, आवाज नाही, पायरीसुद्धा नाही. भिंतीनं गिळावं तसं ते घर गेलं होतं. 

"गादीवाले, मास्तरीणबाई, जुळे..." मोजत मोजतच त्यानं टपावरून लिफ्ट चालवायच्या पेटीवरचं खाली जायचं बटण दाबलं. लिफ्ट हलली. "...बँडवाले काका, इस्त्रीवाले..."

"ए! ए थांब! अरे, मी आहे खाली!"

आवाज खूप लांबून आल्यासारखा वाटला. तो खड्ड्यातून येतोय, आपल्यासाठी आहे, हे कळायला त्याला वेळ लागला. त्यानं बटण सोडलं तेव्हा लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या खाली आली होती.

खाली, लिफ्टच्या खड्ड्यात, त्याचा जोडीदार पैलवान होता. काडीसारखा माणूस, म्हणून नाव पैलवान. बावीस वर्षं दोघं एकत्र काम करत होते. एक वर टपावर, एक खाली खड्ड्यात. खड्ड्यात लिफ्ट थांबवायचं लाल बटण असतं, पण जुन्या लिफ्टांच्या बटणांवर दोघांचाही काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा भरवसा एका हाकेवर होता. बटणाला हात लावण्याआधी वरच्यानं ओरडायचं, "खाली कोण?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. बावीस वर्षांत ही हाक एकदाही चुकली नव्हती.

पैलवान वर आला तो धापा टाकत. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"लाल बटण दाबलं होतं मी. ते मेलं चिकटलंय! आणि तू हाकसुद्धा मारली नाहीस? माझ्या बायकोनं तुला सुपारी दिलीय का रे?"

तो हसला नाही. पैलवानाची थट्टा तशीच हवेत लोंबकळत राहिली.

"काय झालं? बरं नाही का तुला?"

"डोकं दुखतंय. बटण बदलल्याशिवाय आता या लिफ्टला हात लावायचा नाही. पाटी लाव आणि तूही घरी जा. मी निघतो."

"जा बाबा, जा. मी आज नव्यानं जन्मलोय, मलाही जरा घरी जाऊन बारसं करू दे."

तो घरी गेला नाही. दोन बस बदलून ताईकडे गेला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. निम्म्या शहराचे जुने नंबर तिला अजून पाठ होते. ज्यांचे नंबर ते लोक राहिले नव्हते, पण नंबर होते. तिला विचारलं, की लगेच कळलं असतं. पण सरळ विचारायची सोय नव्हती. बाबांचं सगळं तिनं केलं होतं. "ताई, मला एक घर आठवत नाही," एवढं म्हटलं असतं, तरी तिचा चेहरा कसा झाला असता ते त्याला माहीत होतं.

ताई खिडकीशी उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती.

"हा आज भरदुपारी कसा उगवला? कामावरून काढलं की काय तुला?"

"इकडेच काम होतं. ताई, पैलवानाशी पैज लागलीय माझी. म्हणतो, गल्लीतली बाराच्या बारा घरं तुझ्या ताईला सांगता येणार नाहीत."

"हात मेल्या! त्याला म्हणावं, पैसे काढून ठेव." ताईनं दोऱ्याला गाठ मारली आणि नंबर जोडून द्यावेत तशी सुरू झाली. "गादीवाले, मास्तरीणबाई, जुळे, बँडवाले काका, इस्त्रीवाले, सुईण आजी, आपण, घड्याळवाले, हसरी काकू, पोस्टमन, छापखानेवाले, कोपऱ्यावरची मावशी. झाली की नाही बारा?"

पाठीमागे धरलेल्या हातांची पेरं तो मोजत होता. सातव्या पेरावर बोट अडलं.

"सुईण आजीनंतर कोण म्हणालीस?"

"आपण."

"आपण कोण?"

"आपण म्हणजे आपण! तू, मी, आई, बाबा. सातवं घर. असं काय वेड्यासारखं विचारतोस?"

तो मटकन खाली बसला. मग हसायला लागला. इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ताईनं अभ्रा बाजूला ठेवला.

"पैजबिज काही नाहीये ना, पाण्या?"

मग त्यानं सगळं सांगितलं. किल्ली, अकरा घरं, सगळं. पैलवानाचं तेवढं सांगवलं नाही.

"अरे वेड्या," ताई म्हणाली, "आपलं दार तू कधी वाजवलंस का? आई नळावर, तू नळावर, दार उघडंच. अकरा दारं वाजवलीस, तेवढीच मोजलीस. तू हातानं मोजतोयस रे, डोक्यानं नाही."

खरंच की! थापा अकराच होत्या. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. ताईनं चहा टाकला. दोघांनी मग हसरी काकू काढली, जुळ्यांची भांडणं काढली, पोस्टमन घरी आला, की स्वतःच्या बायकोलाही "पत्र नाही" म्हणायचा, ते काढलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. किती तरी वेळानं त्याला गल्ली पूर्वीसारखी ऊबदार वाटली.

बोलता बोलता ताईचा हात थांबला. सुई अर्धी आत, अर्धी बाहेर. यंत्र थांबलं, की ते त्याच्या कानाला आधी कळायचं.

"काय गं?"

"काही नाही."

"ताई."

ती अभ्र्याकडेच बघत राहिली. "डॉक्टरांनी बाबांनाही गल्लीतली घरं सांगायला लावली होती. तू तेव्हा औषधं आणायला खाली गेला होतास."

"मग?"

"अकरा सांगितली."

कुठलं राहिलं होतं, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. चहाच्या कपावर साय धरली होती, ती त्यानं बोटानं बाजूला केली.

"बाबा काही पाणी सांगत फिरत नव्हते," तो म्हणाला.

"नाही. पण तू फिरायचास ना? तुझं वेगळं, त्यांचं वेगळं." हे ती जरा घाईनंच बोलली. "तरी सोमवारी आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ. नुसतं दाखवायला."

"आपण," तो म्हणाला आणि मान डोलावली.

जिन्यात थांबून त्यानं पैलवानाला फोन लावला.

"काय रे, उतरलं का डोकं?"

"डोक्याचं नव्हतंच ते. आज मी हाक मारायला विसरलो. काल किल्ली दारालाच विसरलो होतो. हे तुला माहीत असायला हवं. उद्या साहेबांना कळवून टाकतो. किल्ली उद्यापासून तुझ्याकडे."

"आणि तू काय करणार? रिटायर?"

"ठेवलं कामावर, तर वर तू जायचं. खड्ड्यात मी उतरीन."

 पैलवान म्हणाला, "मी हाक मारीन हां. न चुकता."

"माहीत आहे मला."

घरी पोचला तेव्हा उजेड होता अजून. दाराशी उभं राहून त्यानं खिशात हात घातला. दोन्ही किल्ल्या होत्या, घराचीही आणि तिकोनीही. घराची किल्ली काढून त्यानं कुलपाजवळ नेली आणि हात तिथेच थांबला. या दारापलीकडे कोण राहतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अजून ठाऊक होतं. किती दिवस राहील, ते मात्र सोमवारचे डॉक्टरही सांगू शकणार नव्हते. लहानपणी जे एक दार वाजवायचं राहून गेलं, ते ठोठावायची वेळ शेवटी बाबांवर आली होती. त्यानं किल्ली मुठीत घेतली आणि बोटांच्या मागच्या बाजूनं दोनदा टकटक केली.

"कोण?" बायकोनं आतून विचारलं.

 क्षणभर, एकच क्षण, तो बाबांसारखा उभा राहिला.

"आपण," तो म्हणाला.

"अहो, आपण कोण? किल्ली नेली नव्हती का?" ती हसत म्हणाली. आतून तिच्या चपला फटक फटक करत दाराकडे यायला लागल्या. कडी निघेपर्यंत तो किल्ली मुठीत घट्ट धरून बाहेर उभा राहिला.