शेवटचं वळण नानांचं

हेरंब शिरवलकर मोबाइलला घाबरायचा. फोनवर वाईट बातमी येईल म्हणून सगळेच घाबरतात, पण हेरंबची वाईट बातमी फोटोसकट यायची. लालबागच्या त्याच्या ‘बकुळा ट्रान्सपोर्ट’चे तीन ट्रक दिवसभर मुंबईत कुठे ना कुठे असायचे. त्यातल्या एखाद्याने सिग्नल तोडला, की तोडणारा पुढच्या नाक्यावर निवांत चहा पीत असे आणि खिसा थरथरे तो हेरंबचा. गाडी ज्याच्या नावावर, चलान त्याच्या नावावर. त्याचा जुना ड्रायव्हर दगडू त्याला ‘मालक’ म्हणून हाक मारी, तेव्हा हेरंबला त्यात मान कमी आणि आरोप जास्त ऐकू येत असे.

पण चलानाची भीती वेगळी आणि ही वेगळी. गणपती विसर्जन होऊन गल्लीतला मांडव अर्धा उतरला होता, आणि ट्रॅफिक चौकीचा हवालदार स्वतः नोटीस घेऊन गाळ्यावर आला. चहा नको म्हणाला. लालबागमध्ये हवालदार चहा नको म्हणाला की प्रकरण गंभीर आहे हे लहान मूलही ओळखतं. गणपतीच्या आगमनाच्या दिवशी गाडी उलट्या दिशेने घातली, सिग्नलचा खांब पाडला, सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं. तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे मालकाने शुक्रवारी चौकीत येऊन सांगायचं. हवालदार जाताना एवढंच म्हणाला की, नीट आठवून या.

आठवायचं काय? अख्ख्या गल्लीने ते पाहिलं होतं. पुरावा म्हणून फोटोही आला होता. ज्या खांबाला ट्रकने धडक दिली त्याच खांबावर कॅमेरा होता, आणि त्या कर्तव्यदक्ष यंत्राने वाकता वाकता शेवटचा फोटो काढला होता. फोटोत सगळं जग तिरकं होतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गणपतीचा आशीर्वादाचा हात तेवढा सरळ आला होता. त्याखाली झेंडूच्या माळांआड ट्रकची काच, आणि काचेमागे पांढरी टोपी.

टोपी नानांची होती.

आता हे नाना काय प्रकरण, ते सांगायला हवं. नाना तरुणपणी गिरणीची लॉरी चालवायचे. मंडळाची मूर्ती एका वर्षी हातगाडीवर मावेना, तेव्हा पहिल्यांदा ती लॉरीवरून आली. लॉरी गल्लीच्या तोंडाशी अडली. गल्ली अशी अरुंद, की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं. तिथे नानांनी ती लॉरी एका झटक्यात आत घेतली, भिंतीचा पोपडाही न पाडता. तेव्हापासून रिवाज पडला. ट्रक कोणाचाही असो, परळच्या कारखान्यापासून मूर्ती आणणारा ड्रायव्हर कोणीही असो, गल्लीच्या तोंडाशी त्याने उतरायचं, नानांनी चढायचं. शेवटचं वळण नानांचं. मोठ्या मंडळांकडे मोठ्या देणग्या असतात. या मंडळाकडे वळण होतं.

अडचण एवढीच, की रिवाजाला वय होत नाही आणि नानांना झालं होतं. त्यांचं लायसन्स कधीच संपलं होतं. त्यावरच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. आणि डोळे. पावसाळ्याच्या तोंडावर हेरंबच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं की एक गेल्यात जमा आहे आणि दुसरा त्याला सोबत म्हणून आहे, ऑपरेशन लगेच करा. नाना म्हणाले, गणपतीनंतर बघू. हेरंब म्हणाला, बरं. आणि आगमनाच्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांच्या टाळ्यांत, त्यानेच नानांचा हात धरून त्यांना वर चढवलं आणि चावी दिली.

ट्रक अंमळ लवकर वळला. चालीच्या वेगानेच होता, पण खांबाला तेवढं पुरे झालं. खांब वाकला, सिग्नलचं तोंड फिरलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कमलाबाईंच्या स्वयंपाकघराकडे लागलं. तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर आळीपाळीने लाल, पिवळा आणि हिरवा उजेड पडे. मूर्तीला ओरखडा आला नाही म्हणून लोकांनी जयजयकार केला. कोणी त्याला चमत्कारही म्हणालं. हेरंबनेही हात जोडले होते. नोटीस आल्यावर त्याला वाटू लागलं, की चमत्कार जरा अपुरा पडला.

भोईवाडा कोर्टात वकिली करणारी फिलोमिना त्याची शाळेतली मैत्रीण, खोताच्या वाडीतली. तिने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तुला चार रस्ते आहेत हेरंब, आणि चारही रस्ते आत जातात,” ती म्हणाली.

मग तिने ते समजावून दिले. नानांचं नाव सांगितलं तर लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकालाच कैद होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत. स्वतःचं सांगितलं तर ते खोटं, आणि हेरंबकडे ट्रकचं लायसन्सही नाही. दगडूचं सांगितलं तर तेही खोटं, आणि खांब बिचाऱ्या दगडूच्या गळ्यात. गप्प राहिला तर नाव लपवलं म्हणून पुन्हा हेरंबच. ती पुढे म्हणाली की सल्ला म्हणून विचारशील तर खरं बोल. मैत्रीण म्हणून विचारशील तर जेवण वेळेवर कर, चेहरा उतरलाय.

हेरंबचं जेवण तुटलंच होतं. मागून हॉर्न वाजला की तो फुटपाथवर उडी मारी. दारावर टकटक झाली की पाय आधी मोरीकडे वळत. आडवा पडला की डोळ्यांसमोर कोठडी येई. तिथला एखादा सराईत त्याला विचारतोय, कुठल्या केसमध्ये आलास? आणि आपण सांगतोय, आगमनाच्या.

शेवटी त्याने दगडूला गाळ्यात बोलावलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि आडून आडून विषय काढला. दगडूला आडून काही समजत नसे, त्यामुळे सरळ विचारावं लागलं.

“मालक, तुमच्यासाठी मी कशावरही खोटं बोललो असतो,” दगडू म्हणाला. “या गाडीवर नाही बोलणार. वर बाप्पा बसला होता. त्याने बघितलंय.”

“त्याचं तोंड झाकलेलं होतं रे.”

“म्हणून काय झालं,” म्हणाला दगडू, आणि शटर वर करून निघून गेला.

त्या संध्याकाळी हेरंबची बायको रुपाली भाजी निवडत बसली होती. गेले दोन दिवस नवरा फोनकडे बघून पांढराफटक पडतोय हे तिने पाहिलं होतं. तिने फोन मागितला. हेरंबने दिला, नाही म्हणायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. तिने फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. काच, टोपी, माळा यांकडे तिने पाहिलंच नाही. खालच्या कोपऱ्यात हिरव्या पदराचं टोक आणि ताटाची कड दिसत होती.

“ही मी आहे,” ती म्हणाली.

हेरंबने वाकून पाहिलं.

“ओवाळायला मी खांबाला टेकून उभी होते. निरांजन विझलं म्हणून काडेपेटी मागायला पायरीकडे वळले. म्हणून फक्त पदर आलाय फोटोत.” तिने फोन उलटा ठेवला आणि भाजी उचलून आत गेली.

आत कुकर लागला. पहिली शिट्टी झाली तसा हेरंब दचकला, दुसरीलाही दचकला. आतापर्यंत तो पोलिसांना घाबरत होता. पोलिसांचं एक बरं असतं, त्यांच्यापुढे वकील उभा करता येतो. या नव्या भीतीपुढे कोणाला उभं करायचं ते त्याला कळेना. जरासा वारा आला होता, म्हणून निरांजन विझलं होतं. वारा नसता तर? डॉक्टर काय म्हणाले ते गल्लीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि चावी त्यानेच दिली होती. तिसरी शिट्टी झाली. जेवताना त्याने रुपालीकडे इतक्या वेळा पाहिलं की तिने विचारलं, आमटी खारट झालीय का?

दुसऱ्या दिवशी तो नानांकडे गेला. नाना चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून रेडिओ ऐकत होते. पावलांवरूनच त्यांनी ओळखलं आणि म्हणाले, ये मेल्या, बस. हेरंबने नोटिशीचं सांगितलं. तुरुंगाचं गाळलं, रुपालीचंही गाळलं. मग भीत भीत विचारलं, की नाना, त्या दिवशी तुम्हाला खांब अजिबात दिसला नाही का?

नानांनी रेडिओ बंद केला.

“खांब? माका गल्लीच खय दिसता?” नाना म्हणाले. “मी कानान चालवतंय. आपलो ढोलवालो गल्लीच्या तोंडाक डावीकडे उभो रवता. ढोल कानाशी इलो, की मी वळवतंय. यंदा तुमी ता पथक आणलात. चारय बाजूंनी ढोल. मगे माका कळात कसा?”

हेरंबने गॅलरीचा कठडा घट्ट धरला. यंदा वर्गणी चांगली जमली म्हणून पन्नास ढोलांचं पथक आणायची कल्पना मंडळाच्या सभेत त्याचीच होती. टाळ्याही पडल्या होत्या.

“आणि हे कानाने... यंदाच?”

“यंदा कसला? तीन-चार वर्सा झाली. सांगतलंय असतंय, पण मगे माका वळण कोणी दिल्यान असता?”

हेरंब खाली फरशीवरच बसला. गेल्या वर्षी याच ट्रकच्या पुढे अख्खी गल्ली ट्रककडे तोंड करून, नाचत नाचत, मागे मागे सरकत होती. त्याच्या आधीच्या वर्षी पोरं बंपरवर बसली होती. त्याही आधीच्या वर्षी तो स्वतः चाकासमोर नारळ फोडायला वाकला होता, आणि वरून नाना त्याच्याकडे बघून हसले होते. निदान त्याला तसं वाटलं होतं.

वरून नानांचा हात आला. हवेत थोडा चाचपडला आणि मग हेरंबच्या डोक्यावर टेकला.

शुक्रवारी हेरंब चौकीत गेला तो नानांना घेऊन. त्यांनी तसा हट्टच धरला होता. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. साहेब मध्यम वयाचे, शांत होते, आणि शांत साहेबांची हेरंबला जास्त भीती वाटायची. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं, कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

“गाडी कोण चालवत होतं?”

हेरंब पाठ केलेलं सगळं विसरला. आपला आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

“चावी मी दिली, साहेब. चालवणाऱ्याला लायसन्स नाही. त्याला दिसत नाही. ते मला माहीत होतं, आणि तरी मी चावी दिली.”

“मी विचारतोय, चालवत कोण होतं?”

नाव ओठांपर्यंत आलं, पण बाहेर पडेना. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. नाना उठले, टोपी सारखी केली, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “साहेब, मी. ह्या पोराक सोडा.”

नाना साहेबांकडे पाठ करून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला नमस्कार करत होते.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कपाटाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग बराच वेळ हेरंबकडे. हेरंबने उठून नानांना खांद्याला धरून हळूच वळवलं. कपाटापासून टेबलापर्यंत.

“हे शेवटचं वळण,” तो नानांच्या कानाशी म्हणाला. नानांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं.

साहेबांनी जबाब लिहून घेतला. जसं सांगितलं तसाच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. केस भोईवाड्याला जाईल, तारीख कळवू, वकील करा, असं ते म्हणाले. शिक्षा किती होईल हे हेरंबने विचारलं तेव्हा ते म्हणाले की ते मॅजिस्ट्रेट ठरवतील, मी काही सांगू शकत नाही. मग निघताना मात्र त्यांनी मागून हाक मारली.

“यांचं ऑपरेशन कोर्टाच्या तारखेआधी करून घ्या,” साहेब म्हणाले. “मॅजिस्ट्रेटसाहेब कुठे बसतात, तेवढं तरी दिसू दे.”

दोघं चालत गल्लीच्या तोंडाशी आले. रस्ता ओलांडायचा होता. खांब अजून तसाच वाकलेला होता आणि सिग्नल कमलाबाईंच्या स्वयंपाकघरात लागत होता. समोर ट्रक, बेस्टच्या बस, मोटारसायकली अंदाजाने धावत होत्या. नानांनी हेरंबचा दंड धरला आणि विचारलं, हिरवो झालो काय रे? हेरंबला खालून सिग्नल दिसतच नव्हता. पुढे टाकलेलं पाऊल त्याने मागे घेतलं.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कमलाबाईंनी पोळी लाटता लाटता मान बाहेर काढली.

“थांबा रे, लाल आहे,” त्या वरून म्हणाल्या.

आणि नानांचा हात घट्ट धरून हेरंब थांबला.