तांब्याच्या पेल्याखालची पाच मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकातली सारी आकडेमोड करणारा, बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. मेहकरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये माझी हयात गेली. तिथं आसमा मॅडम पोरींना टायपिंग शिकवत. क्लास बंद पडला, बाकीचे संगणक भंगारात गेले. मला तेवढं आसमानं ओढणीच्या टोकात बांधून घरी आणलं.

जुन्या प्रोसेसरांना ठरलेल्या वेगापलीकडे पळवायची एक स्पर्धा इंटरनेटवर चालते. तिचा आसमाला नाद लागला. माझा वेग तीन हजार मेगाहर्ट्झचा. तिनं मला पाच हजार नऊशेपर्यंत नेलं. एवढं पळालं की मी तापून विझतो. म्हणून माझ्या डोक्यावर तांब्याचा पेला बसवून ती त्यात बर्फाहून कितीतरी थंड असा द्रव नायट्रोजन ओतायची. गुरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणारे उत्तमराव आपल्या कॅनमधला थोडा तिला देत.

चार वर्षं स्पर्धेत तिचा दुसराच नंबर आला. यंदा तर सात ठिकाणी नोकरी मागून झाली होती. "मॅडम, तुमचं शिक्षण जुनं झालं," असंच सगळे म्हणाले. तिच्याकडे मी एकटा उरलो होतो.

स्पर्धा दुपारी चारला बंद होणार होती. साडेतीनपर्यंत मी दोनदा अडकलो. पूर्वीचा दम राहिला नाही. तिसऱ्या खेपेला पेला अर्धाही भरेना.

"काका, अजून थोडं द्या ना," ती कॅन घेऊन आलेल्या उत्तमरावांना म्हणाली.

"आता नाई जमत, बाई. कॅनमंदी वळूच्या बीजाच्या कांड्या हायेत. थंडावा गेला तं साऱ्या खराब होतीन. ज्यायच्या गायी माजावर हायेत, त्यायले काय सांगू मी?"

आसमा कॅनकडे बघत राहिली. मग तिनंच त्याचं झाकण लावलं.

पेला कोरडा पडायला चार-पाच मिनिटं होती. आता एकच मार्ग उरला, विजेचा दाब वाढवायचा. तो मला सोसणार नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"काऊन थांबली?" उत्तमरावांनी विचारलं.

"हा मरून जाईन, काका."

"मंग राहू दे."

"अन् मी? मी काय करू मंग?"

तिनं दाब वाढवला.

आतून मी जळत गेलो, पण पळालो. सहा हजार चार. तिनं नोंदीचं बटण दाबलं, नोंद यादीत गेली आणि पडदा काळा झाला. मी विझलो होतो.

उत्तमरावांनी मोबाइलवर यादी काढली. "पयल्या नंबरवर हायेस तू. पाय तं."

तिनं पाहिलं नाही. ती माझ्यावरचं दव पुसत होती. मला पुन्हा बसवलं, चालू करायचं बटण दाबलं. आठ वेळा.

"मले हा चालू पायजे," ती म्हणाली. "बाकी काई नको."

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. एकच मागणं आहे. जुनं झालं म्हणून कुणाला बाजूला सारू नका. माणसाला नाही, यंत्रालाही नाही. आपली किंमत पटवून द्यायला मग त्याला असं जळावं लागतं.

आसमानं मला अजून काढून ठेवलेलं नाही. आज सकाळीही तिनं बटण दाबून पाहिलं.