व्यायाम घेणारा माणूस

डावं कोपर.

बिनहातांची लाकडी खुर्ची.

दवाखान्याच्या पायऱ्यांशी तिरकी लावलेली गाडी. पुढे-मागे शिकाऊ चालकाची लाल पाटी.

शिट्टी. आतली गोटी हरवलेली, त्यामुळे नुसती हवा.

‘घ्या’ हा शब्द.

*गाडी चालू करा.*

तो वाहनचाचणी निरीक्षक होता. चालकाशेजारी बसायचं, ‘उजवीकडे वळा’ म्हणायचं आणि दुसऱ्याने वळायचं, हे त्याचं काम. तो बसला की गाडी त्याच्या अंगाला कलायची. उमेदवार स्टिअरिंग जरा उलट धरून चालवायचे. शहरातल्या निम्म्या लोकांची ती सवय अजून गेलेली नाही.

हल्ली तो चाचणीतच झोपायचा. एकदा ‘सरळ चला’ म्हणाला आणि घोरू लागला. उमेदवार आज्ञाधारक होता, पेट्रोल संपेपर्यंत सरळ चालला. गाडी थांबली तसा साहेब जागा झाला. “पास,” म्हणाला. “संयम चांगला आहे.”

मग एका बाईंच्या चाचणीत ‘पुढे उजवीकडे वळा’ म्हणून तो झोपला आणि घोरणं मध्येच तुटलं. श्वासही ऐकू येईना.

“साहेब, वळू का?”

बाई वळल्या आणि थेट दवाखान्याच्या दारात थांबल्या.

*आरसा बघा.*

“झोपेत तुमचा घसा मिटतो,” तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “श्वास थांबतो, तुम्ही दचकून अर्धवट जागे होता, पुन्हा झोपता, पुन्हा तेच. असंच चालू राहिलं तर जिवावर बेतेल. घरी कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“माझ्या कोपराच्या आलंय,” बायको म्हणाली. “श्वास थांबला की बरगडीत मारते. अजून एकदाही चुकले नाही.”

“आणि तुम्ही झोपता कधी?”

“हे ऑफिसला गेले की झोपेन म्हणते. पण मग तिकडे कोण मारणार, या विचाराने झोप लागत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी झोपेत नाकावर लावायचं, घशात हवा सोडणारं मास्कचं यंत्र मागवलं. ते यायला वेळ लागणार होता. “तोवर रोज व्यायाम घ्या. वजन फारसं उतरलं नाही तरी झोपेत फरक पडतो.”

“घेतो,” तो म्हणाला.

घ्यायला तो कधीच मागे हटला नव्हता. चाचण्या घेतल्या होत्या, हजेऱ्या घेतल्या होत्या, झाडाझडत्या घेतल्या होत्या. दर वेळी तो बसलेला आणि समोरचा घामाघूम. व्यायाम तरी वेगळा कशाला असेल?

*वेग वाढवा.*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हॉलमध्ये खुर्ची टाकली, तोंडात शिट्टी धरली आणि बायकोला व मेहुण्याला समोर उभं केलं.

“खाली बसा. उठा. बसा.”

“भावोजी,” मेहुणा धापा टाकत म्हणाला, “व्यायाम तुम्हाला सांगितलाय ना?”

“मग घेतंय कोण?”

मेहुणा पुन्हा खाली बसला.

ऑफिसच्या मैदानात रांगेतले उमेदवारही हाताशी होतेच. साहेबाने हात वर करायला सांगितले, त्यांनी केले. नवा नियम आला असेल असं सगळ्यांनाच वाटलं. ड्रायव्हिंग स्कूलवाले आधी बैठका शिकवू लागले, मग क्लच. एक पोक्त गृहस्थ गाडी सुरेख चालवूनही नापास झाले, कारण गुडघा वाकेना.

मेहुण्याची पँट ढिली झाली. बायकोच्या चेहऱ्यावर तजेला आला. त्याच्या शर्टाची बटणं मात्र होती तशीच जीव मुठीत धरून होती.

“घेतला का आज व्यायाम?” ती विचारायची.

“मैदानभर.”

*थांबा.*

रविवारी दुपारी जेवून दोघं आडवी झाली. त्याचा घसा मिटला. कोपर आलं नाही.

गुदमरून तो उठून बसला. दोन्ही हातांनी गादी धरली. शेजारी बायको तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. व्यायामाने अंग दमलेलं, कित्येक वर्षांची झोप थकलेली.

“अगं,” त्याने हलवलं. “अगं, थांबला होता.”

ती कुशीवर वळली.

कोपर तिच्या अंगाखाली गेलं. त्याकडे बघत तो संध्याकाळपर्यंत जागा राहिला.

“तुमच्या व्यायामाने बायको बरी झाली,” दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली. “आता मी मरेन.”

“व्यायाम करतं कोण?”

“ती.”

“आणि तुम्ही?”

“मी घेतो.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “करा,” त्या म्हणाल्या. “घेऊ नका. करा.”

*गाडी मागे घ्या.*

आता खुर्चीवर बायको बसते. तो समोर उभा राहतो.

“अहो, खाली.”

“जातोय.”

“कुठे जाताय? गुडघे तिथेच आहेत अजून.”

“शिट्टी नीट वाजव, मग जातो.”

“शिट्टीला गोटी नाही, तुम्हाला गुडघे नाहीत. चला, खाली.”

पहिल्या आठवड्यात तो अर्ध्यातूनच परत यायचा. मग खाली जाऊ लागला, वर यायला मेहुणा लागायचा. पुढे मेहुणाही लागेना. वजनाचा काटा जेमतेम हलला, पण श्वास पूर्वीइतका अडकेना. यंत्र आलं, तेही तो निमूटपणे लावतो. चाचणीत जागा असतो, त्यामुळे उमेदवार हळहळतात.

बायको झोपते. कोपर उशीखाली असतं.

दवाखान्याच्या दारात गाडी नेणाऱ्या बाईंना त्याने त्याच दिवशी नापास केलं होतं. उजवीकडे वळा सांगितलेलं असताना त्या डावीकडे वळल्या होत्या.