अंबुजाचा शुक्रवार

मी चपला काढत होते तोवर अंबुजानं कॉफीचं विचारलंसुद्धा. मी कोण, कशाला आले, हे नंतर. चेन्नईजवळच्या आवडी गावात, रुळांपलीकडच्या त्या गल्लीत सगळ्याच घरी असं होई.

ह्यांच्या फॅक्टरीतल्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून इकडे आलो. क्वार्टरमध्ये राहून राहून तमिळ जिभेवर बसलं आणि त्याच्याच जोरावर मला एका संस्थेत पाहणीचं काम मिळालं. घरोघरी जायचं आणि बायकांना विचारायचं, घरात पुरेसं नव्हतं म्हणून गेल्या महिन्यात तुम्ही कधी जेवण सोडलंत का? ज्या गल्लीत अशा बायका जास्त निघतील, तिथं संस्था दुपारचं स्वयंपाकघर चालवणार होती. स्वयंपाकघर एकच होतं, गल्ल्या पुष्कळ.

"कॉफी नको गं," मी म्हणाले, "माझं विरदम आहे."

विरदम म्हणजे उपवास. दिवेलागणीची पूजा होईपर्यंत घराबाहेरचं काही तोंडात घालायचं नाही, हा माझा रोजचा नेम. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. कुणाला वाईट वाटू नये म्हणून दारातच सांगून टाकते.

मग मी प्रश्न विचारला. अंबुजानं माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं, गळ्यातली तुळशीची माळ बघितली.

"जेवण सोडते की, अक्का. विरदम असतं ना. मंगळवारी, शुक्रवारी. कधी शनिवारी पण."

मला फार बरं वाटलं. दोन लेकरं, नवऱ्याचं रंगकाम मिळेल तेव्हा मिळेल, आणि तरी बाई देवाचं एवढं करते! देवासाठी केलेला उपवास भुकेत धरायचा नाही, असा आमच्या पाहणीचा नियमच होता. मी टॅबवर 'नाही' दाबलं आणि मग अम्मन देवीच्या पूजेच्या गोष्टी करत बसले. शेजारची यामिनी आली. तिचंही विरदम. पलीकडच्या घरातही तेच. देवभोळी गल्ली, म्हणत मी घरी आले.

आमचं काम बघणारी वाणी चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची, तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. शनिवारी तिनं मला बोलावून घेतलं.

"मामी, तुमच्या गल्लीत उपाशी कुणीच नाही. सगळ्या संतिणी! आणि भिंतीपलीकडच्या गल्लीत पाहणीला आपली भव्या गेली, तिथं दर घरात बाई एक वेळ उपाशी. मधे भिंत आहे का वैकुंठाचं दार?"

"खरंच उपवास करतात त्या."

"करतील. तुम्ही दारात गेल्यावर पहिलं काय बोलता?"

मी सांगितलं. वाणीनं कपाळावर हात मारला. "अय्यो, मामी!"

काय चुकलं ते मला विचारावं लागलं नाही. आधी माझं विरदम, मग माझा प्रश्न. घरी येताना गाडीत माळेवरचा जप दोनदा चुकला. माझ्या एका शब्दानं त्या गल्लीचं स्वयंपाकघर जात होतं.

सोमवारी पुन्हा अंबुजाच्या दारात उभी राहिले.

"या अक्का. कॉफी?" तिनं जीभ चावली. "विसरलेच, तुमचं विरदम. का आमच्या घरची चालत नाही?" हसत म्हणाली, पण म्हणाली.

"चालते. दे."

तिचा हात पातेल्यावरच थांबला. "आणि विरदम?"

"ते माझं मी देवाशी बघेन."

कॉफी आली. मी मनात नाव घेतलं आणि प्याले. अंबुजा समोर बसून पेला रिकामा होईपर्यंत बघत होती.

"साखर बरी आहे?"

"जरा जास्तच झाली."

"यामिनीकडची आहे ना, मग हात सैल सुटतो."

दोघीही हसलो. तेवढ्यात मी विचारलं, "आज जेवलीस?"

ती चुलीकडे बघायला लागली. "पोरांचं झालं. ह्यांना डब्यात भात दिला. उरला असता तर जेवले असते."

"मग त्या दिवशी म्हणालीस ते?"

"शुक्रवार अम्मनचा," ती एकदम ताठ बसली. "त्याला हात लावू नका, अक्का. घरात पोतंभर तांदूळ असला तरी मी शुक्रवारी जेवणार नाही. बाकीचे..." तिनं पदर तोंडाला लावला. "बाकीचे तुमच्याकडे बघून सुचले. तुम्ही विरदम म्हणालात, मला वाटलं, बरं झालं, चांगलं नाव मिळालं."

मग उठून यामिनीच्या घराकडच्या भिंतीपाशी गेली आणि ओरडली, "ए यामिनी! अक्कानं कॉफी घेतली!"

"खोटं!" भिंतीपलीकडून आवाज आला.

"ये, पेला बघ!"

यामिनी आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. सगळ्यांना मी पुन्हा विचारलं. मी शुक्रवार देवाकडे ठेवले आणि बाकीचे दिवस जिथं लिहायचे तिथं लिहिले. पहिल्या वेळची उत्तरं माझ्या बोलण्यानं चुकली, हेही वाणीला अहवालात लिहायला लावलं. "एवढं कशाला, मामी?" ती म्हणाली. लिहिलं मात्र.

त्या संध्याकाळी नेहमीसारखी दिवा लावून पूजा केली. दुसऱ्या दिवसापासून नेम पुन्हा धरला. दारात मात्र आता एवढंच म्हणते, "आत्ता नको गं, नंतर घेईन."

स्वयंपाकघर दोन्ही गल्ल्यांना मिळून एकच झालं, भिंतीच्या टोकाला, अम्मनच्या देवळामागच्या शेडमध्ये. पहिली पंगत बसली तेव्हा अंबुजा सांबारभात वाढत होती. यामिनी जेवत होती, पलीकडच्या गल्लीतल्या बायका जेवत होत्या. अंबुजा काही बसेना.

"तू कधी बसणार?" मी हळूच विचारलं.

"आज नाही, अक्का. आज शुक्रवार." पळी तशीच हातात धरून तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुमचं?"

"माझंही आहे."

"मग उभ्या काय राहिलात? ते ताक घ्या."

मी पदर खोचला आणि ताकाची बादली उचलली.